उन्हात पेशी काय थांबवते आणि काय चालू ठेवते

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ अंशांवर जातो, तेव्हा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून सावली धरतो आणि बैलाला निंबाखाली बांधतो. वरुड-मोर्शीकडचं संत्र्याचं झाड मात्र जिथं लावलं तिथंच उभं असतं. मुळाशी ओल असेपर्यंत पानांतून वाफ निघत राहते आणि पान जरा गार राहतं. विहीर आटली, ओलित लांबलं की पान आपली रंध्रं मिटून घेतं आणि मग ते भोवतीच्या हवेपेक्षाही जास्त तापू शकतं. अशा वेळी पानातल्या पेशींमध्ये काही मिनिटांतच एक मोठा निर्णय होतो. नवी प्रथिनं बनवण्याचं बहुतेक काम बंद पडतं. त्यातलं थोडं उष्णतेच्या माराने बंद पडतं, पण बरंचसं पेशी स्वतःहून बंद करते. ही बंदी सरसकट नसते. काही मोजकी प्रथिनं त्याच वेळी जोरात बनत असतात.

हे कसं जमतं, हा जीवशास्त्रातला फार देखणा भाग आहे. कॉलेजच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकतात याचं मला वाईट वाटतं. यातली बरीचशी यंत्रणा थोड्याफार फरकाने आपल्याही शरीरात आहे. आपल्या भागात घरोघरी दिसणारा रक्ताचा कमीपणा आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे ठाण मांडून बसलेला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार, या दोन्हींशी तिचा थेट संबंध येतो.

आधी पाया पाहू. प्रथिन कसं बनवायचं याची माहिती डीएनएमध्ये असते. लागेल त्या जनुकाची नक्कल काढली जाते, ती म्हणजे एम-आरएनए. १९६१ मध्ये हा रेणू ओळखला गेला आणि कोरोनाच्या लशींमुळे त्याचं नाव सगळ्यांच्या कानावर पडलं. ही नक्कल रायबोसोम वाचतो. तीन-तीन अक्षरांचा एकेक गट वाचायचा आणि त्या गटाने सांगितलेलं अमिनो आम्ल साखळीला जोडायचं, हे त्याचं काम. माणसाच्या पेशीत एक रायबोसोम सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं जोडतो, आणि एका पेशीत असे रायबोसोम लाखोंनी असतात. एकाच एम-आरएनएवर एकामागे एक असे कितीतरी रायबोसोम चालत असतात. साखळी तयार होत असतानाच तिची घडी पडू लागते. ती घडी बरोबर पडली तरच प्रथिन कामाचं.

यात दोन अडचणी आहेत. पहिली खर्चाची. एक अमिनो आम्ल जोडायला ऊर्जेने भरलेले किमान चार फॉस्फेट बंध खर्ची पडतात. पेशीच्या एकूण ऊर्जेचा मोठा वाटा याच कामात जातो. त्यामुळे अन्न, पाणी, प्राणवायू कमी पडला की हे काम आवरणं भाग पडतं. दुसरी अडचण उष्णतेची. तापमान वाढलं की प्रथिनांची घडी सैल होते, आतला चिकट भाग उघडा पडतो आणि प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे बनतात. अर्धवट बनलेल्या, घडी न पडलेल्या नव्या साखळ्यांना हा धोका सर्वांत जास्त. उन्हाच्या भरात नवी प्रथिनं बनवत राहणं म्हणजे बिघडणाऱ्या मालात भर घालणं. म्हणून आधी बंदी.

चालू काय ठेवायचं, याचा पहिला धागा इटलीत सापडला. फेरुच्चो रितोस्सा हे फळमाशीच्या अळ्यांवर काम करत होते. अळ्या ठेवलेल्या पेटीचं तापमान कुणीतरी वाढवलं, आणि त्यांना अळीच्या गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथली जनुकं एकदम कामाला लागली आहेत. हे निरीक्षण १९६२ मध्ये छापून आलं. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं ओळखायला पुढं १९७४ उजाडलं. त्यांना उष्माघात प्रथिनं किंवा नुसतं एचएसपी म्हणतात. सैल पडलेल्या प्रथिनांना धरून ठेवणं, त्यांचे गोळे होऊ न देणं आणि जमल्यास पुन्हा नीट घडी घालून देणं ही त्यांची कामं.

आपल्या वावरातलं सोयाबीन या शोधाच्या इतिहासात आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. १९८१ मध्ये जो की (Joe Key) या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सोयाबीनची कोवळी रोपं २८ अंशांवरून ४० अंशांवर नेली. नेहमीची प्रथिनं बनणं झपाट्याने घटलं आणि एचएसपी मोठ्या प्रमाणात बनू लागली. याच गटाने पुढं आणखी एक गोष्ट दाखवली. रोपं थेट ४५ अंशांवर नेली तर ती मरतात. आधी दोन तास ४० अंशांवर ठेवून मग ४५ अंशांवर नेली तर तगतात. मधल्या वेळात बनलेली प्रथिनं त्यांना सांभाळतात. हळूहळू तापत जाणारं ऊन आणि एकदम आलेली लाट यांत झाडाला एवढा फरक का पडतो, त्याचं एक उत्तर इथं आहे.

पण बंदी असताना एचएसपी बनतात कशी? काही एम-आरएनएंच्या सुरुवातीच्या भागाची रचनाच अशी असते की वाचन सुरू करून देणारी नेहमीची प्रथिनं कमी असली तरी रायबोसोम तिथं बसू शकतो. आणि उष्णतेत या नकलांची संख्याही प्रचंड वाढलेली असते. बाकीच्या नकलांपैकी काही मोडीत निघतात आणि बऱ्याच बाजूला काढून ठेवल्या जातात. त्या काही प्रथिनांसोबत एकत्र येऊन पेशीत छोटे दाट कण तयार करतात. त्यांना ताण-कण म्हणू. टोमॅटोच्या पेशींमध्ये उष्णतेनंतर दिसणारे असे कण १९८० च्या दशकातच पूर्व जर्मनीत पाहिले गेले होते. ताण सरला की हे कण विरघळतात आणि त्यांतल्या पुष्कळशा नकला पुन्हा वापरात येतात. फळमाशीत हे फार स्पष्ट दिसतं. उष्णता असेपर्यंत जुन्या नकला शाबूत पण गप्प, आणि गारवा मिळाला की त्याच नकलांवरून काम पुन्हा सुरू.

आता बंदी घालण्याची मुख्य जागा पाहू. इथं जरा सावकाश जायला हवं.

आपल्यात प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनिन या अमिनो आम्लाने होते. ते पहिलं मेथिओनिन रायबोसोमच्या लहान भागापर्यंत आणून देण्याचं काम ईआयएफ-२ नावाचं प्रथिन करतं. त्यासाठी त्याच्याजवळ जीटीपी हा ऊर्जेचा रेणू असावा लागतो. सुरुवातीची जागा सापडली की जीटीपी खर्ची पडतो आणि ईआयएफ-२ रिकामं होऊन सुटतं. पुढच्या फेरीसाठी त्याला नवा जीटीपी हवा, आणि तो बसवून देतं ईआयएफ-२बी हे दुसरं प्रथिन. ताण आला की ईआयएफ-२ च्या एका ठरावीक जागी, ५१ व्या क्रमांकाच्या सेरिन या अमिनो आम्लावर, एक फॉस्फेट चिकटवला जातो. एवढाच बदल. पण त्यामुळे ईआयएफ-२ हे ईआयएफ-२बी ला असं घट्ट धरून बसतं की त्याला कामच करता येत नाही. पेशीत ईआयएफ-२बी मुळातच थोडं असतं. म्हणून सगळ्या ईआयएफ-२ वर फॉस्फेट लावायची गरज पडत नाही. थोड्यांवर लागला तरी उरलेल्यांना जीटीपी मिळेनासा होतो आणि पेशीभर प्रथिनं बनणं मंदावतं. कमी खर्चात, काही मिनिटांत, आणि पुन्हा उलटवता येईल असं थांबणं यापेक्षा चांगल्या रीतीने साधलेलं मला तरी माहीत नाही.

हा फॉस्फेट लावणारी चार प्रथिनं माणसात आहेत आणि प्रत्येकाचं लक्ष वेगळ्या संकटावर असतं. जीसीएन-२ अमिनो आम्लांची टंचाई ओळखतं. पीकेआर विषाणूचा दुपदरी आरएनए ओळखतं. पेशीच्या आत प्रथिनांची घडी घालण्याचं जे दालन असतं तिथं बिघडलेला माल साचू लागला की पर्क जागं होतं. चौथं एचआरआय, त्याच्याकडे वळतोच. वनस्पतींकडे या चौघांपैकी फक्त जीसीएन-२ आहे. उन्हात काम थांबवायला त्या इतर वाटाही वापरतात.

बंदी असतानाच जी प्रथिनं बनायला हवीत, त्यांत एटीएफ-४ महत्त्वाचं. ताणाला तोंड देणारी जनुकं तेच चालू करतं. त्याच्या एम-आरएनएवर खऱ्या सुरुवातीच्या आधी दोन खोट्या सुरुवाती आहेत. एरवी पहिली खोटी सुरुवात वाचून झालेला रायबोसोम पुढं सरकता सरकता लगेच नवं ईआयएफ-२ मिळवतो आणि दुसऱ्या खोट्या सुरुवातीवर अडकतो. ती खऱ्या सुरुवातीवरून पुढं जाते, त्यामुळे एटीएफ-४ बनत नाही. ताणात ईआयएफ-२ मिळायला वेळ लागतो. तोवर रायबोसोम दुसरी खोटी जागा ओलांडून गेलेला असतो, आणि नेमका खऱ्या सुरुवातीपाशी त्याला ईआयएफ-२ मिळतं. म्हणजे ज्या टंचाईमुळे बाकी सगळं थांबतं, त्याच टंचाईमुळे हे सुरू होतं. यीस्टमधल्या अशाच एका जनुकावर ॲलन हिनेबुश यांनी वर्षानुवर्षं काम करून ही रीत उलगडली.

आता एचआरआय. लाल रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींमध्ये हे भरपूर असतं आणि त्याचं लक्ष हिम या लोहयुक्त रेणूवर असतं. हिमोग्लोबिन म्हणजे ग्लोबिन प्रथिन अधिक हिम. लोह कमी असेल तर हिम कमी बनतं. अशा वेळी ग्लोबिन मात्र बनतच राहिलं तर ते पेशीत साचून गोळे होतील आणि पेशी मरेल. म्हणून हिम घटलं की एचआरआय जागं होतं, ईआयएफ-२ वर फॉस्फेट लावतं आणि ग्लोबिन बनणं आवरतं.

ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अंगावरून जास्त जाणाऱ्या, थकवा आलेल्या, एचबी सातवर आलेल्या बाईच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर लाल पेशी लहान आणि फिक्या दिसतात. मधला पांढुरका भाग मोठा आणि कडेला लाल रंगाची बारीक कडी. लोह कमी असल्याची ही नेहमीची खूण. पण ती पेशी लहान आणि फिकी आहे, यामागे एचआरआय आहे. एचआरआय नसलेल्या उंदरांना लोह कमी दिलं, तेव्हा त्यांच्या लाल पेशी लहान-फिक्या झाल्या नाहीत. त्यांच्यात ग्लोबिनचे गोळे साचले, पेशींची संख्या घटली आणि पंडुरोग आणखी बळावला. त्या काचपट्टीवरची प्रत्येक फिकी पेशी म्हणजे कमी लोहात निभावून नेलेली पेशी आहे. पण हे निभावणं तात्पुरतं असतं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आणि गरोदरपणात मिळणारी लाल गोळी टाळू नये, ती याचसाठी.

हा झाला थांबवण्याचा भाग. दुसरा भाग तपासणीचा, कारण ताणात एम-आरएनएच खराब होतात. कडक उन्हातले अतिनील किरण आणि पेशीतच तयार होणारे उपद्रवी ऑक्सिजन-रेणू त्यांच्या अक्षरांना इजा करतात. अशा खराब अक्षरापाशी रायबोसोम अडतो. पण रायबोसोम एरवीही मधूनमधून हळू होतच असतो. हा अडला की नुसता हळू झालाय, हे पेशीला कळावं कसं?

बाजार समितीच्या फाटकापासून लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग आठवा. पुढची बंडी जरा थांबली तर कुणी मनावर घेत नाही. मागची येऊन तिला भिडली की मग लोक उतरून पाहतात, चाक रुतलंय का ते. पेशीही टक्करच पाहते. मागचा रायबोसोम पुढच्याला भिडला की दोघांच्या मध्ये एक खास आकार तयार होतो, जो एकट्या रायबोसोमपाशी नसतो. झेडएनएफ-५९८ नावाचं प्रथिन तो आकार ओळखतं आणि रायबोसोमवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतं. मग अडलेल्या रायबोसोमचे दोन भाग वेगळे केले जातात आणि खराब नक्कल मोडीत काढण्याची तयारी सुरू होते. अर्धवट साखळीवर लिस्टेरिन हे प्रथिन पुन्हा युबिक्विटिन लावतं आणि ती साखळी मोडून टाकली जाते.

यातली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. साखळी सहज हाती लागत नसेल तर रायबोसोमचा उरलेला मोठा भाग, समोर एम-आरएनए नसतानाच, तिच्या टोकाला अमिनो आम्लं जोडत जातो. यीस्टमध्ये ती फक्त ॲलॅनिन आणि थ्रिओनिन असतात. हे २०१५ मध्ये उघड झालं. कुठलीही नक्कल न वाचता केलेली ही जोडणी साखळी बाहेर ढकलते, म्हणजे खूण लावायला जागा मिळते.

ही सफाई नुसती टापटीप नाही. लिस्टेरिनमध्ये दोष असलेल्या उंदरांच्या चेतापेशी हळूहळू मरतात आणि त्यांची हालचाल बिघडत जाते, हे २००९ मध्ये दिसलं. टकरी फार वाढल्या तर त्याच टकरी पेशीला मोठा इशारा देतात. काही टकरींतून जीसीएन-२ जागं होऊन नवी सुरुवातच आवरली जाते. त्याहून जास्त झाल्या तर झेडएके हे प्रथिन पेशीला मरणाकडे नेतं.

आणखी एक तपासणी आहे, ती थांबण्याच्या खुणेची. जनुकातल्या चुकीमुळे ‘इथं थांबा’ ही खूण मधेच आली तर आखूड, निकामी प्रथिन बनेल. नक्कल तयार होताना तिचे तुकडे जिथं जोडले जातात, त्या सांध्यांशी बसलेल्या प्रथिनांवरून पेशी ताडते की थांबण्याची खूण अवेळी आली आहे, आणि यूपीएफ-१ या प्रथिनाच्या मदतीने ती नक्कल नष्ट करते. बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या काही प्रकारांत हेच घडतं. जोडीतलं एक जनुक सदोष असलं तरी त्याची नक्कल नष्ट होते, आखूड ग्लोबिन साचत नाही आणि माणूस बहुधा धडधाकट राहतो. पण चूक जनुकाच्या शेवटच्या तुकड्यात असेल तर ही तपासणी चुकते, आखूड ग्लोबिन बनतं, आणि एकच सदोष जनुक असूनही आजार होतो.

सिकलसेलची चूक यापैकी कुठल्याच चाळणीत अडकत नाही. तिथं एकच अक्षर बदललेलं असतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. नक्कल पूर्ण लांबीची, थांबण्याची खूण जागेवर, रायबोसोम कुठंही अडत नाही, टक्कर नाही. पेशीच्या दृष्टीने सगळं रीतसर झालेलं असतं. बिघाड नंतर दिसतो, जेव्हा प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना धरून लांब दोरे करतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

थांबून राहण्याची सगळ्यात लांब मजल सरकीत दिसते. १९६५ मध्ये लिऑन ड्युर आणि वॉटर्स यांनी कापसाच्या बियांवर प्रयोग केला. बी भिजवलं, अंकुर येऊ दिला, पण नवी नक्कल निघूच नये म्हणून ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध दिलं. तरीही प्रथिनं बनली. याचा अर्थ असा की बी झाडावर पिकत होतं तेव्हाच एम-आरएनए काढून ठेवलेले होते, आणि बी वाळल्यावरही ते टिकले. मृगाच्या पावसानंतर टोबलेली सरकी पाणी ओढते, तेव्हा तिच्या पेशींना पहिल्या कामासाठी डीएनए उघडून बसायची गरज नसते. गेल्या हंगामातल्या नकला आत तयार असतात, रायबोसोम लगेच त्यांवर बसतात. पाऊस पडून पुन्हा खंड पडला की अंकुर मातीत सुकतात आणि दुबार पेरणी येते. त्यामागचं एक कारण हेच. एकदा हे काम सुरू होऊन मोड वाढला की वाळलेल्या दाण्याची कोरड सोसण्याची ताकद उतरत जाते.

थांबणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वेळेवर पुन्हा सुरू होणं. आपल्या पेशींत एटीएफ-४ च्या पाठोपाठ गॅड-३४ हे प्रथिन बनतं, आणि ते ईआयएफ-२ वरचा फॉस्फेट काढून टाकायला मदत करतं. म्हणजे बंदी उठवणारं प्रथिन बंदीच्याच काळात तयार होतं. बंदी लांबली तर नुकसान होतं, आणि मेंदूला ते लवकर जाणवतं. ईआयएफ-२बी मध्ये जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या मेंदूतला पांढरा भाग झिजत जातो. साधा ताप आला किंवा डोक्याला मार लागला तरी त्यांची तब्येत एकदम ढासळते, कारण एरवी कसंबसं निभणारं ईआयएफ-२बी ताणात अपुरं पडतं. २०१३ मध्ये पीटर वॉल्टर यांच्या प्रयोगशाळेने इस्रिब हा रेणू शोधला. तो ईआयएफ-२बी ला आधार देऊन काम पुन्हा सुरू करतो. त्या वाटेने औषध शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.

एचआरआयकडे सिकलसेलवर काम करणाऱ्यांचं लक्ष आहे ते वेगळ्या कारणाने. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन निराळं असतं आणि त्यात सिकलचा दोष येत नाही. जन्मानंतर ते बनणं जवळजवळ बंद होतं. ज्या रुग्णांत ते थोडं जास्त टिकून राहतं त्यांना त्रास सहसा कमी होतो. आज दिलं जाणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तेच वाढवतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसाच्या लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत एचआरआय कमी करून पाहिलं, तर बाळाचं हिमोग्लोबिन वाढलं. हे प्रयोगशाळेतल्या पेशींतलं आहे. पण एचआरआय हीच लोह कमी असताना लाल पेशी वाचवणारी व्यवस्था आहे, आणि आपल्याकडच्या एसएस पॅटर्नच्या (आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या) मुलीला सिकलसेलसोबत कुपोषण आणि लोहाची कमतरताही असू शकते. एचआरआय दाबणारं औषध उद्या आलंच, तर अशा मुलीला ते देण्याआधी तिच्या रक्तातलं लोह तपासावं लागेल. आजही सिकलसेलच्या मुलाला रक्त कमी आहे म्हणून आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. त्याच्या लाल पेशी मोडतात म्हणून रक्त कमी असतं, आणि लोह खरंच कमी आहे की नाही हे डॉक्टर तपासून सांगतात.